पुदिन्याच्या भट्टीवरचं नाक

अमडापूरहून चिखलीकडे जाताना गाव संपता संपता डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं. तिथली भट्टी पेटलेली असली की पुदिन्याचा वास थेट एसटीत शिरतो. मी एसटीत वाहक होतो आणि शेवटची काही वर्षं याच फेरीला होतो. नवखा प्रवासी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारायचा, "हे काय उकळून राह्यलं बाप्पा?" आणि गावातलं कोणीतरी हमखास सांगायचं, "निवृत्तीभाऊची पहिल्या धारेची!" मग सगळी गाडी हसायची. हा विनोद भट्टी बसली तेव्हापासून तसाच चालू आहे. आमच्या गावाला नवीन विनोदाची गरज पडत नाही.

या भट्टीत दारू निघत नाही, पुदिन्याचं तेल निघतं. ते बाममध्ये, टूथपेस्टमध्ये, खोकल्याच्या गोळ्यांमध्ये जातं. भट्टी चालवतो तो निवृत्ती. त्याच्या शेडचा वास शेजारच्या दोन गावांपर्यंत जातो, पण निवृत्तीला स्वतःला तो येत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचा वास गेला तो गेलाच. आता हे गावातलं शेंबडं पोरगंही जाणतं. पण काही वर्षं हे एकट्या त्याच्या बायकोला, विमलबाईला, ठाऊक होतं. बाकी सगळं गाव त्याच्या नाकावर डोळे मिटून विसंबलेलं होतं.

आणि ते विसंबणं काही उगीच नव्हतं. तरुणपणी निवृत्ती नांदुऱ्याला एका जिनिंगमध्ये हमाल होता. कापसाची गंजी आतून ओली असली तर ती हळूहळू तापते, आणि तापून तापून एखाद्या दिवशी पेट घेते. वरून काही कळत नाही. एकदा निवृत्तीनं एका गंजीपाशी उभं राहून सांगितलं की ही आतून तापली आहे. मुकादमानं त्याला वेड्यात काढलं. निवृत्ती हटून बसला. शेवटी गंजी फोडली, तर आत हात घालवेना. त्या दिवसापासून त्याचं नाव झालं. व्यापारी बोली लावण्याआधी त्याला बोलावून घ्यायचे. तो मूठभर कापूस नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. ते डोळे मिटण्याची काही गरज नव्हती असं माझं मत आहे, पण त्यानं रुबाब येत असे. पाठीवर गाठी वाहणाऱ्या माणसाला रुबाब करायला दुसरं होतं काय?

पुढे बाप गेल्यावर तो गावी परतला. थोडी शेती, एक विहीर, विमलबाई. नाकाचा उपयोग घरात शिळी भाजी ओळखण्यापुरता उरला. मग आला पुदिना. गजेंद्र म्हणून आमच्यातला एक खटपट्या शेतकरी आहे. तो उत्तर प्रदेशात एका लग्नाला गेला आणि येताना पोत्यात पुदिन्याच्या मुळ्या घेऊन आला. लग्नाला गेलेली माणसं मिठाई आणतात, यानं मुळ्या आणल्या. त्या लागल्या, पसरल्या, आम्ही काही जणांनी गट केला आणि भट्टी बसवली. गटाचे अध्यक्ष झाले रंगराव, कारण शेडची जागा त्यांची होती. अध्यक्ष व्हायला आमच्याकडे एवढं पुरतं. रंगराव म्हणजे निवृत्तीचे चुलत भाऊ, वयानं थोरले, स्वभावानं ताठ. "भट्टीवर निवृत्ती बसन," ते म्हणाले, "नाक लागते त्याले." विषय संपला.

काम तसं साधं. कापलेला पाला सुकवायचा, टाकीत भरायचा, खालून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, जाळ करायचा. वाफ पाइपातून थंड पाण्याच्या हौदातून जाते, थंड होऊन डब्यात पडते, आणि डब्यात पाण्यावर तेल तरंगतं. पण पाला कितपत सुकला, कोणाच्या पाल्यात गाजरगवत मिसळलं, तेल येणं कधी संपलं, हे सगळं निवृत्ती वासावरून सांगायचा. त्यानं नाही म्हटलेला पाला शेतकरी मुकाट्यानं परत न्यायचा. मीही एकदा नेला आहे.

मग करोना आला. निवृत्ती चिखलीला उपचार केंद्रात राहून परत आला, हाडं तेवढी उरली होती. वास गेला होता, पण तेव्हा गावात अनेकांचा गेला होता आणि अनेकांचा परतही आला होता, म्हणून तो वाट पाहत राहिला. एक दिवस तो चुलीशेजारी बसून विळ्याला मूठ बसवत होता आणि त्याच्या मांडीपासून हातभर अंतरावर दूध करपून कोळसा झालं. विमलबाई शेजारच्या घरातून धावत आली. तिनं पातेलं उतरवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तो विळाच पाहत होता.

"कोणाले सांगू नको," तो म्हणाला.

हे मला विमलबाईकडून थेट नाही कळलं. ती माझ्या बायकोजवळ बोलली, आणि माझ्या बायकोजवळ बोललेलं माझ्यापर्यंत न येता राहत नाही.

त्यानं भट्टी सोडली नाही. सोडली असती तर पोट भरलं नसतं असं नाही, शेती होती. पण गावात त्याला निवृत्ती म्हणून कोणी ओळखत नव्हतं, नाकवाला निवृत्ती म्हणून ओळखत होते. त्यानं डोळ्यांनी आणि हातांनी काम शिकून घेतलं. पाला मुठीत चुरून आवाज ऐकायचा, डब्यातला तेलाचा थर पाहायचा. आणि लोकांसमोर जुन्या सवयीनं मूठ नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, मान हलवायची. इतकं बेमालूम, की आमच्यापैकी एकालाही शंका आली नाही. हे असंच निभावून गेलं असतं, जर समता आली नसती.

समता ही देवानंदची मुलगी. देवानंद बौद्धपुऱ्यातला, निवृत्तीबरोबर नांदुऱ्याला हमालीला होता, दोघांची दोस्ती जुनी. पोरगी अकोल्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि आता एका कॉलेजात तासावर शिकवते. आमचा पुदिना त्या वर्षी रडत होता. इकडचं ऊन असं, की पान जाड होतं आणि तेल सोडत नाही. रंगराव म्हणायला लागले होते की ही पीडा उपटून टाकू आणि पुन्हा सोयाबीन पेरू. तेव्हा समता गटाच्या बैठकीत आली आणि म्हणाली, पाल्यावर बुरशी वाढवा.

बैठकीत जो हशा पिकला तो मी सांगत नाही. पण पोरगी बिचकली नाही. "हरभऱ्याले तुम्ही ट्रायकोडर्मा लावता का नाही? ते काय हाये? बुरशीच हाये ना?"

"हाये," गजेंद्र म्हणाला. "पण ते मर रोग येऊ नये म्हनून लावतो. तू तं चांगला पाला सडवाले सांगून राह्यली."

"सडवाचं नाही. पानाचा कडकपणा तेवढा खाऊ द्याचा. बुरशी पानाची भिंत सैल करते, मंग वाफेले तेल लवकर भेटते. पण वेळेवर थांबवा लागते, नाही तं ते तेलही नासवते."

कोणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. ज्या एकीच्या डोक्यात शिरलं ती दाराबाहेर चहाची भांडी धूत होती. विमलबाई नंतर समताला बाजूला घेऊन म्हणाली, "म्हंजे कुरडईच्या गव्हासारखं. गहू भिजवून आंबू देलं का चीक मोकळा होते. एक रात जास्त झाली का मंग त्या चिकाले जनावरही तोंड लावत नाही." समता म्हणाली, हाव काकू, अगदी तेच.

ठरलं की आधी थोड्या पाल्यावर करून पाहायचं. सुकवलेल्या पाल्यावर बुरशीचं पाणी शिंपडायचं, ताडपत्रीवर ढीग लावायचा, वर ओली पोती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढीग तयार होतो. समतानं निवृत्तीला नीट समजावलं: हिरवट पांढरी बुरशी दिसेल, ढीग हाताला कोमट लागेल, पण खरी खूण वासाची. तयार झाला की पहिल्या पावसानंतरच्या वावराचा आणि पुदिन्याचा मिळून वास येतो. पुढे गेला की आंबलेल्या कडब्याचा. या दोहोंत अर्ध्या दिवसाचं अंतर असतं, आणि ऊन पाहून ते रोज बदलतं.

"मी कॉलेज सोडून रोज नाही येऊ शकत काका. वासाचं तुमच्याकडे."

त्या वेळी निवृत्तीनं खरं सांगायला हवं होतं. समोर रंगराव होते, गजेंद्र होता, मी होतो. सगळे त्याच्या नाकाकडे पाहत होतो, आणि आमच्या चेहऱ्यावर अजिबात शंका नव्हती. त्यानं मान हलवली. "हाव," म्हणाला, "त्यात काय."

घरी गेल्यावर विमलबाई म्हणे त्याला फाडून खायची बाकी राहिली. पण शेवटी उपाय तिनंच काढला. ती रोज दुपारी त्याचा डबा घेऊन भट्टीवर जायचीच. वाट ढिगाच्या अंगावरून होती. जाता जाता तिनं वास घ्यायचा. ढीग चांगला असला तर सरळ डबा ठेवून निघायचं. बिघडायला लागला असला तर पदर नाकाला लावायचा. बाईनं घाणीजवळ पदर नाकाला लावला तर त्यात कोणाला काय दिसणार? निवृत्तीला मात्र कळणार. कधी तयार झाला तेही ठरलं होतं: तांब्या रोज हातात असणार; ढीग तयार असला की ती तो डब्याबरोबर ठेवणार, नसला तर तसाच परत नेणार.

छोटे ढीग उत्तम उतरले. तेल डोळ्यांना दिसण्याइतकं वाढलं. गजेंद्र डबा हातात धरून शेडभर नाचला. निवृत्ती मूठ नाकाशी धरून डोळे मिटायचा आणि रंगराव लोकांना सांगायचे, "पोरीची बुरशी, पण आमचं नाक." समता हसून ते ऐकून घ्यायची.

मग आला मोठा ढीग. गटातल्या सगळ्यांचा पाला एकत्र, त्या हंगामाची जवळजवळ सगळी कापणी. रंगराव आधीच बोलून गेले होते, की हे साधलं तर पुदिना राहील, नाही तर पुढच्या महिन्यात नांगर. म्हणजे खरं पाहता सगळं विमलबाईच्या नाकावर आणि पदरावर आलं होतं, आणि ते तिला व तिच्या नवऱ्यालाच माहीत होतं.

त्या दुपारी मीही शेडमध्ये होतो. ऊन असं की पत्रा तडतडत होता. रंगराव कधी दुपारचे येत नाहीत. त्यांची वेळ सकाळची, चहानंतरची. पण मोठा ढीग पाहायचा म्हणून ते आले, खुर्ची मागवली आणि हौदाच्या सावलीत, बरोबर ढिगासमोर बसले.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. रंगराव निवृत्तीहून थोरले, म्हणजे विमलबाईचे भासरे. सून भासऱ्याशी बोलत नाही आणि त्यांच्यासमोर तोंड उघडं ठेवत नाही. नव्या पोरींनी हे कधीच सोडलं. पण विमलबाईच्या वयाच्या बायका अजून पाळतात, आणि ठरवून पाळतात असंही नाही. हातच ते पाळतो. भासरा दिसला की डोक्यावरचा पदर पुढे येतो आणि त्याचं टोक तोंडावर, नाकावर जातं. लग्न झाल्यापासून विमलबाईचा हात हे करत आला होता.

ती आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात तांब्या. ढिगाजवळ पोचली, वास तोवर तिला लागला होता, मग समोर रंगराव दिसले, डबा कडेवर गेला, मोकळ्या झालेल्या हातानं पदर नाकावर गेला. तशीच ढिगावरून आली, डबा ठेवला, तांब्या ठेवला आणि शेताकडे निघून गेली. तिच्या मते तिनं काम चोख केलं होतं. तयारीचा तांब्या ठेवला होता.

निवृत्तीनं तांब्या पाहिलाच नाही. त्यानं पदर पाहिला. त्याचा चेहरा कसा उतरला ते मी पाहिलं, पण कारण मला तेव्हा कळलं नाही. तिनं रंगरावांसमोर असा पदर ओढताना त्यानं जन्मभर पाहिलं होतं, इतक्या वेळा की ते त्याला दिसेनासं झालं होतं. आणि अलीकडे त्याच पदराकडे तो जीव मुठीत धरून बघायला शिकला होता.

तो ढिगापाशी गेला. मूठ उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं?" गजेंद्र ओरडला.

"आंबलं हे. टाकीत घालू नका, टाकी बी नासन. फेकून द्या."

गजेंद्रनंही वाकून वास घेतला. त्याला कळेना. मलाही कळेना, पुदिन्याच्या शेडमध्ये बसून बसून आमची नाकं बधिर झालेली असतात. आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनं सांगितल्यावर आम्हा दोघांनाही थोडा आंबूस वास यायला लागला. रंगराव उठले. "निवृत्ती म्हन्ते तं गेलं. काढा." गड्यांनी दाताळी घेतली आणि सगळ्यांचा पाला शेडमागच्या उकिरड्यावर टाकायला सुरुवात केली. निवृत्ती भट्टीकडे तोंड करून बसला, विझलेल्या भट्टीत काडी खुपसत.

तेवढ्यात चिखलीची गाडी थांबली आणि समता उतरली. रस्त्यावरच तिला वास लागला असावा, कारण ती हसत आली. शेडमागे पाहिलं आणि तिचं हसणं गेलं.

"हे कोणी फेकलं?"

मी सांगितलं. तिनं उकिरड्याच्या कडेवरून मूठभर पाला उचलला, वास घेतला, पुन्हा घेतला. मग ती मूठ निवृत्तीपुढे नेली. "काका, हे तं चांगलं वाटून राह्यलं. पाहा बरं."

निवृत्तीनं मूठ नाकाशी धरली. या खेपेला डोळे मिटले नाहीत. "आंबूस हाये पोरी."

काकांच्या नाकाच्या गोष्टी ती लहानपणापासून बापाच्या तोंडून ऐकत आली होती. तिनं हातातल्या पाल्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मंग माझंच चुकलं असन. ऊन जास्त होतं, मी हिशेब कमी धरला."

"चुकलं ते चुकलं," रंगराव म्हणाले. त्यांचा आवाज कडवट नव्हता, थकलेला होता. "तुह्या मनात वाईट नव्हतं पोरी. पण बस झालं हे सडवनं. गजेंद्र, पुदिना उपटून टाका."

मला त्या क्षणी निवृत्तीचा राग यायला काही कारण नव्हतं, कारण मला काही माहीत नव्हतं. आज मात्र येतो. एका शब्दानं तो पोरीवरचं किटाळ दूर करू शकत होता, आणि तो काडी खुपसत बसला.

विमलबाई रिकामा डबा न्यायला परत आली तेव्हा हे असं होतं. डबा उघडलेलाही नव्हता. तिनं ढिगाची मोकळी जागा पाहिली, उकिरडा पाहिला, आणि पदराआडून नवऱ्याला दबक्या आवाजात विचारलं, "हे काऊन फेकलं?"

"तूच तं पदर लावला," तो तितक्याच हळू म्हणाला. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं.

तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात तेव्हाही नाकावरच होता. मग तिनं खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीतल्या भासऱ्यांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

ती काही न बोलता घरी गेली असती तर चाललं असतं. नवऱ्याचं नाव राहिलं असतं. समताची चूक ठरली असती, पुदिना गेला असता, चार वर्षांत लोक विसरले असते. तिनं डबा खाली ठेवला आणि सरळ उकिरड्यावर चढली. शेणात पाय घोट्यापर्यंत रुतले. पदर नाकावरून सोडला, डोक्यावरूनही घसरला, तिनं सावरला नाही. दोन्ही हातांनी पाला उचलून त्यात तोंड घातलं. भासऱ्यांशी ती बोलू शकत नव्हती, म्हणून समताकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली.

"बाई, चांगलं हाये हे. तयार हाये. तुहं काही चुकलं नाही. ह्यायले वास येत नाही. करोनापासून येत नाही. मी सांगू राह्यली होती रोज."

गजेंद्रनं निवृत्तीकडे पाहिलं. मीही पाहिलं. निवृत्तीनं मान वर केली नाही. पण नाहीही म्हणाला नाही.

रंगराव खुर्चीतून उठले. आता हे काय करतील याचा मला काही अंदाज येईना; त्यांच्या घरच्या सुनेनं त्यांच्यासमोर उघड्या तोंडानं, उकिरड्यावर उभं राहून नवऱ्याचं बिंग फोडलं होतं. आणि तेही तिच्याशी बोलू शकत नव्हते. रीत दोन्हीकडून असते. ते गजेंद्रकडे वळले.

"तिले म्हना," ते म्हणाले, "चांगलं चांगलं निवडून दे. शेणाले लागलेलं राहू दे."

ती त्यांच्यापासून पाच हातांवर उभी होती. गजेंद्रनं तिला ते वाक्य जसंच्या तसं पुन्हा सांगितलं. तिनं गजेंद्रला सांगितलं, "हो म्हना." गजेंद्रनं रंगरावांना सांगितलं, "हो म्हन्ते." मला हसू आलं आणि मी ते खोकल्यात घातलं.

मग ती निवडत गेली. मूठ उचलायची, वास घ्यायचा, हे घ्या, हे राहू द्या. समता ताडपत्री धरून खाली उभी होती. वरचा पाला शेणाला लागलेला नव्हता, बराचसा वाचला. निवृत्ती मध्येच उठला, ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं. संध्याकाळच्या आत भट्टी पेटली. डब्यात तेल आलं, पुष्कळ आलं. सगळा ढीग असता तर किती आलं असतं, हे गजेंद्र अजून अधूनमधून बोलून दाखवतो, पण पुदिना उपटला गेला नाही.

त्यानंतर गावानं निवृत्तीला सोडलं नाही. चिडवायचं म्हणजे आम्ही मागेपुढे पाहत नाही. चहाचा कप पुढे करून "सांगा भाऊ, चहा हाये का काढा?" असं पुष्कळ दिवस चाललं. त्यानं ते सोसलं. एकदाच मला म्हणाला, "वास जाऊन इतकं वाईट नव्हतं वाटलं, जितकं रोज डोळे मिटून वाटे." मी म्हटलं, मग आधीच का नाही बोललास? तो उठून भट्टीत पऱ्हाट्या सारायला गेला.

भट्टी आजही तोच चालवतो. जाळ, पाणी, टाकी, सगळं त्याच्याकडे. वासाचं काम विमलबाईचं, उघड. बायका भट्टीवर बसत नाहीत वगैरे कुजबुज झाली, पण ज्यांचं तेल वाढलं होतं त्यांची कुजबुज लवकर थांबली. समता सुट्टीच्या दिवशी येते, दोघी ढिगाशेजारी बसून तिच्या त्या हिरवट बुरशीबद्दल अशा बोलतात जशी ती कोणाची अल्लड पोर आहे.

रंगराव आता दुपारचेही येतात. विमलबाई रस्त्यावरून येताना दिसली की ते उठतात, स्वतःची खुर्ची स्वतः उचलतात, रस्त्याकडे तोंड करून ठेवतात आणि ढिगाकडे पाठ करून बसतात. कोणी त्यांना तसं करायला सांगितलेलं नाही. ती आत असेपर्यंत ते मागे वळून पाहत नाहीत; मानेला रग लागली तरी नाही. त्यामुळे तिला पदर ओढावा लागत नाही.

ती पोती बाजूला सारते, वाकते, वास घेते. निवृत्ती जाळापाशी बसून तिच्याकडे बघत असतो. खुणा केव्हाच बंद झाल्या, तांब्या आता फक्त पाण्यासाठी येतो. तिनं तोंडानं सांगायच्या आधीच तो पऱ्हाट्या पुढे सारायला लागतो, कारण ढीग तयार असला की तिच्या चेहऱ्यावर ते दिसतं, आणि आता तो चेहरा त्याला दिसतो.